भुजंगरावांचं ‘सिरियस’

भुजंगरावांचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये ‘भुजंग उचलू नये’ या नावाने आहे. यात माझा आगाऊपणा काही नाही. आमच्या पालममधल्या निम्म्या लोकांनी तो असंच काहीतरी नाव देऊन ठेवलाय. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे, ते तर स्क्रीनवर त्यांचं नाव दिसलं की आधी खाली बसतात आणि मग फोन उचलतात.

माणूस वाईट म्हणाल तर अजिबात नाही. बसस्थानकासमोर त्यांचं मोबाइलचं दुकान आहे. रिचार्ज, कव्हर, फुटलेली काच बदलणं, असली कामं. उंच, वाळकी अंगलट, आवाज इतका मऊ की गिऱ्हाईकाला काउंटरवर वाकून ऐकावं लागतं. कधी कुणाला फसवलं नाही, कुणाशी भांडले नाहीत. मागे एकदा त्यांनी मानवतच्या दत्तरावांना फोन लावला, का तर त्यांनी सांगितलेलं कव्हर आलं होतं. दत्तरावांनी फोन उचलायच्या आत त्यांच्या बायकोने नाव वाचलं आणि गळा काढला. शेजारच्या दोघी-तिघी धावून आल्या. कव्हराचा खुलासा झाल्यावरही ती बाई संध्याकाळपर्यंत पालमच्या एकेका नातेवाइकाला फोन करून खात्री करत होती.

याचं मूळ जुनं आहे. मोबाइल यायच्या आधी याच दुकानात एसटीडीचं बूथ होतं. आसपासच्या वस्त्यांना फोन म्हणजे भुजंगरावच. कुणाच्या घरी माणूस गेलं की घरातलं कुणीतरी पुण्या-मुंबईचे नंबर घेऊन त्यांच्याकडे यायचं, आणि काचेच्या त्या खोक्यात रिसीव्हर हातात धरून नुसतं रडत उभं राहायचं. मग भुजंगराव बोलायचे. पुढे घरोघर मोबाइल आले, बूथ गेलं, पण हे काम काही त्यांच्यामागून सुटलं नाही. घरात मयत पडल्यावर आवाज कुणाचा शाबूत असतो? “भुजंगा, तू लाव बाबा,” असं म्हणून लोक अजूनही त्यांच्याच हातात फोन देतात.

आणि ते एकच शब्द बोलतात. सिरियस. “वडिलांची तब्येत सिरियस हाय, निघा.”

मी पालमच्या शाळेत इंग्रजी शिकवतो. पुस्तकात या शब्दाचा अर्थ ‘गंभीर’ असा दिलाय आणि मी तो दरवर्षी इमानेइतबारे फळ्यावर लिहितो. तसा हा शब्द आमच्याकडे सगळीकडे सांडलेला असतो. अमक्याचा पोरगा अभ्यासात सिरियस नाही. सोयरिकीबद्दल पाव्हणे सिरियस दिसत नाहीत. भांडण रंगात आलं की एकजण म्हणतो, मस्करी नको, मी सिरियस बोलायलोय. तिथं कुणी दचकत नाही. पण तोच शब्द भुजंगरावांच्या तोंडून फोनवर आला की त्याचा अर्थ वर्गातल्या पोरांनाही माहीत असतो. एकदा मी सातवीतल्या एका मुलीला या शब्दाचं वाक्य करायला सांगितलं. ती उभी राहून म्हणाली, “सर, माझे आजोबा मागच्या वर्षी सिरियस झाले, अन् आमी तेराव्याला समद्यांना जेवायला बोलावलं.” वर्गात कुणी हसलं नाही. मी काय चूक काढणार?

लोकांनी हळूहळू भुजंगरावांच्या बोलण्यातल्या खुणा ओळखल्या. ‘बरं न्हाई’ म्हणाले तर खरंच आजारी. ‘लेकरांना संगं घ्या’ म्हणाले तर कारभार आटोपला. आणि सगळ्यात पक्की खूण म्हणजे ‘जेवून निघा’. मयत झालेल्या घरात चूल पेटत नाही, आलेला माणूस पार माती होईस्तोवर उपाशी राहतो. तेव्हा दोन घास खाऊन निघा, असं त्यांनी म्हटलं की पलीकडच्याने काही विचारायचं उरत नाही. भुजंगरावांना वाटतं आपण लपवलं. ऐकणाऱ्याला सगळं कळलेलं असतं. तरी दोघंही न कळल्यासारखं बोलतात.

मला मात्र सुरुवातीला या खुणा ठाऊक नव्हत्या. नवीन नोकरी होती, मानवतजवळच्या शाळेवर. ऑफिसात भुजंगरावांचा फोन आला. “नागसेन, बाबांची तब्येत सिरियस हाय, ये.” मी एसटीने परभणीला आलो. पालमची गाडी लागायला वेळ होता म्हणून स्टँडबाहेर मोसंबी घेतली. चांगली निवडून, वास घेऊन घेतली. ग्लुकोजचा डबा घेतला. गाडीत शेजारच्या माणसाला बाबांना कोणत्या डॉक्टरला दाखवावं ते विचारलं, त्याने एक नाव सांगितलं, तेही घोकलं. घरी पोचलो तर अंगणात बाबांना निजवलेलं, उशाशी मेणबत्ती लावलेली, आणि मी मोसंब्यांची पिशवी हातात धरून सगळ्या भावकीसमोर उभा. ती पिशवी कुठे ठेवावी ते मला कळेना. कुणीतरी ती माझ्या हातातून हळूच काढून घेतली. त्या दिवसापासून भुजंगरावांवर माझा राग आहे. तो मी लपवलेला नाही.

एकदा दुकानात गाठून त्यांना तोंडावर विचारलं. सरळ सांगायला काय जातं तुमच्या बापाचं? सगळ्या वाटेने माणसाला खोट्या आशेवर ठेवता, हे पाप नाही का? ते गिऱ्हाईकाच्या मोबाइलला काच चिकटवत होते. ती बुडबुडा न येता नीट बसेपर्यंत बोलले नाहीत. मग म्हणाले, “बूथ टाकलं तवा पयल्या-पयल्यांदा सरळच सांगत व्हतो, सर. धुरपताबाईचा भाऊ गेला, तवा ती परभणीला व्हती. मी सांगितलं, भाऊ गेला. एकलीच यष्टीत बसून आली. उतरल्यावर मला म्हणली, भाऊ, यष्टीत रडता बी येईना अन् गप बी बसवंना, समदे लोक टकमका बघायले. मंग म्या ठरवलं.” मी म्हणालो, ती निदान मोसंबी घेऊन तर आली नाही. यावर ते काही बोलले नाहीत. त्यांच्या न बोलण्याचाही मला संशय येतो.

या वर्षी पोळा झाल्यावर त्यांच्याच घरी आजारपण आलं. त्यांची बायको सगुणाबाई. आमची गल्ली एकच, त्यामुळे मी त्यांना चांगलं ओळखतो. भुजंगराव जितके मऊ तितक्या या खणखणीत. दम लागायला लागला, पाय सुजले. पालमच्या डॉक्टरांनी परभणीला न्यायला सांगितलं आणि मी माझ्याच गाडीतून त्यांना नेलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भुजंगरावांना बाजूला घेऊन सांगितलं की हृदय फार थकलंय. शुद्धीवर आहेत, बोलतात, पण किती वेळ ते सांगता येत नाही. जवळच्या माणसांना बोलावून घ्या, सिरियस आहे.

डॉक्टरांनी तो शब्द उच्चारला तशी भुजंगरावांनी भिंत धरली. आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलेला शब्द त्यांना बहुधा पहिल्यांदाच कुणी ऐकवला असावा.

जवळचं माणूस एकच, त्यांची मुलगी रेणुका. ती पुण्याला असते. तिला आईला जिवंत भेटवायचं, एवढंच आता भुजंगरावांच्या हातात होतं. पण फोन लावायला त्यांची बोटं धजेनात. “माझ्या आवाजावर तिचा इश्वास बसल का, सर?” ते म्हणाले. लेकीने लहानपणापासून दुकानात बसून बापाला ‘सिरियस हाय’ म्हणताना ऐकलेलं. फोन ठेवल्यावर बाप मान हलवायचा, तेही पाहिलेलं.

मी त्यांना बाकावर बसवून बजावलं. तो शब्द काढायचा नाही. जे आहे ते सांगायचं. त्यांनी दोनदा मनाशी म्हणून पाहिलं आणि फोन लावला. “रेणू, आईला परभणीला दवाखान्यात ठेवलंय. बोलती हाय ती. सकाळी चहा घेतला घोटभर. डॉक्टर म्हणायलेत, एकदा येऊन भेटून जावं.” छान चाललं होतं. पलीकडून रेणुका आजाराचं काही विचारत होती, हे उत्तर देत होते. आणि फोन ठेवता ठेवता ते म्हणाले, “अन् हे बघ, दोन घास खाऊन निघ, बाई.”

पलीकडे एकदम शांत झालं. मग “बरं, आबा,” एवढंच आलं आणि फोन बंद.

मला त्या क्षणी त्यात काही खटकलं नाही. बाप लेकीला जेव म्हणाला, त्यात काय खटकायचं? भुजंगराव मात्र फोनकडे बघत बसले. “पुढं कायीच कावून इचारलं न्हाई हिनं?” ते म्हणाले. “ज्याला आपलं माणूस जित्तं हाय असं वाटतं, त्यो इचारत राहतो, सर. गप बसतो त्यो समजून चुकलेला असतो.” या बाबतीत त्यांच्याइतका अनुभव पालम तालुक्यात कुणाला नसेल.

थोड्या वेळाने माझ्या फोनवर त्यांच्या जावयाचा, आदिनाथचा फोन आला. दबक्या आवाजात बोलत होता. “सर, मी बाहेर येऊन बोलायलोय, रेणुका आत आहे. मला खरं सांगा, मी तिला कळू देत नाही. किती वाजता गेल्या?”

मी म्हणालो, अहो गेल्या नाहीत, मी आत्ताच त्यांना पाहून आलोय.

“हो, हो. समजलं, सर.” असं तो म्हणाला, पण त्याच्या बोलण्यात जी समजूत होती ती ऐकून माझ्या डोक्यात तिडीक गेली. “फक्त पालमला कधी आणायलेत तेवढं सांगा. म्हणजे तसं निघायला. माझे आई-वडीलपण येणार आहेत.” मी शपथ घेतली. त्याने तीही ऐकून घेतली. मी म्हणालो, पालमला जाऊ नका, परभणीला या, आई इथं आहे. “बरं, सर,” म्हणाला. हा बरं म्हणून थेट पालमला जाणार, हे मला इथं बसून दिसत होतं. त्यात त्याची तरी काय चूक? मीही दुसऱ्याच्या बाबतीत हेच केलं असतं. ते लोक गाडीने परळीवरून येणार. गंगाखेडहून एक रस्ता पुलावरून परभणीला येतो आणि दुसरा पालमला जातो. चुकीचा धरला तर ते कुलूप लावलेल्या घरासमोर उभे राहणार, तिथून उलटे फिरून परभणी गाठणार, आणि इतका वेळ सगुणाबाईंकडे होता की नाही, कोण सांगणार?

मग आमची धडपड सुरू झाली. भुजंगरावांनी सिस्टरला विनवून आत जाऊन बायकोचा फोटो काढला आणि रेणुकाला पाठवला. तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, डोळे मिटलेले. तिचा लगेच फोन. “आबा, हा फोटो कवाचा हाय?” आत्ताचा, ते म्हणाले. “डोळे मिटलेत तिचे.” झोपलीय, ते म्हणाले. यावर ती फक्त “हं” म्हणाली. व्हिडिओ कॉल लावला तर नेमकी रेंज गेली आणि सगुणाबाईंचा चेहरा अर्धाच येऊन थांबला. त्याचाही तिने काय अर्थ काढला असेल, देव जाणे. मी माझ्या फोनवरून बोललो तर मला म्हणाली, “सर, तुमाला आबांनीच शिकवलं असंल.” ही माझी विद्यार्थिनी. मी कधी खोटं बोलत नाही, हे शाळेत छातीठोक सांगणारा मी. भुजंगरावांशेजारी बसलो, एवढ्यानेच माझीही पत गेली.

संध्याकाळी भेटायची वेळ झाली तेव्हा सगुणाबाई जाग्या होत्या. मास्क थोडा बाजूला करून त्यांनी आधी विचारलं, “रेणू निघाली का?”

“निघाली,” भुजंगराव म्हणाले.

“काय म्हणून बोलावलंत तिला?”

भुजंगरावांनी सगळं सांगितलं. शब्दाला शब्द. शेवटच्या वाक्यावर आले तशा सगुणाबाईंनी डोळे मोठे केले. “जेवून निघ म्हणलात?”

“पोर सकाळपासून उपाशी असंल म्हणून...”

“आवं, मंग ती काय समजंल?” दम लागला होता तरी त्या हसत होत्या, आणि हसता हसता चिडल्याही होत्या. “सरळ पालमला जाऊन अंगणात बसंल की ती. आयुष्यभर लोकायला जेवून निघा, जेवून निघा. तीच सवय घरच्याला लावली.” मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “सर, तुमच्या फोनवरून लावा. ह्यांचं नाव बघितलं की लेकरू आधी रडंल.”

सिस्टर नको म्हणत होत्या. सगुणाबाईंनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. मी फोन त्यांच्या तोंडाजवळ धरला.

“रेणे, मेले न्हाई मी अजून. ऐकायलीस का? तुझ्या बापाला बोलायचं भान न्हाई. कुटं आलात?”

पलीकडून आधी नुसता हुंदका आणि त्यातच हसणं आलं. मग “आई, परळी सोडली,” आणि लगेच गाडीतल्या सगळ्यांचा एकदम गलका.

“गंगाखेडवरून इकडं वळ. पालमला काय ठिवलंय? अन् तुझ्या सासू-सासऱ्यायला सांग, रडायची तयारी करून आलेत ते वाया गेलं म्हणावं. लवकर ये. मला तुझ्याशी बोलायचंय.”

एवढं बोलून त्या दमल्या. मी फोन काढून घेतला. भुजंगरावांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. मला स्वतःलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मास्क परत लावताना सगुणाबाईंनी नवऱ्याचा हात धरला.

“डॉक्टर काय म्हणले?”

“कमजोरी हाय, म्हणले. हळूहळू भरून येतंय.”

“मला बी तसंच बोलायलात ना तुमी?” त्या म्हणाल्या. “त्या फोनवरच्या लोकायला बोलता तसं.”

भुजंगरावांनी चादरीचा कोपरा सरळ केला. सगुणाबाईंनी मास्क लावून घेतला आणि डोळे मिटले. वेळ संपली म्हणून आम्ही बाहेर आलो.

बाहेर बाकावर भुजंगराव पहिल्यांदाच मोकळं बोलले. रेणुका आली की तिला चार दिवस ठेवून घेऊ. सगुणाला तिच्या हातचं पिठलं आवडतं, डॉक्टर देऊ देतील का, विचारू. मी हो हो म्हणत होतो. तेवढ्यात आतून एक सिस्टर धावत बाहेर आल्या आणि डॉक्टरांना घेऊन आत गेल्या. मग आणखी एकजण आत गेला. दार उघडं-बंद होत होतं आणि प्रत्येक वेळी भुजंगराव अर्धे उठून पुन्हा बसत होते. शेवटी डॉक्टर बाहेर आले. त्यांनी भुजंगरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो शब्द वापरला नाही. त्या गेल्या, असं सरळ सांगितलं.

भुजंगराव रडले नाहीत. “बरं,” म्हणाले, जणू कुणी रिचार्ज झाल्याचं सांगत होतं.

आणि त्यांचा फोन वाजला. रेणू.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन माझ्यापुढे धरला. इतक्या वर्षांत पालमच्या लोकांनी त्यांच्याकडे असाच फोन धरला असेल. सरळ सांगावं, असं त्यांना इतकी वर्षं ऐकवणारा मी. मी हात मागे घेतला. मला भीती वाटली. फोन वाजून वाजून थांबायच्या बेताला आला तेव्हा त्यांनी तो उचलला. चुकून स्पीकर दाबला गेला की मुद्दाम दाबला, माहीत नाही.

“आबा, पूल ओलांडला आमी. आलोच. आईला द्या की जरा फोन.” तिच्या आवाजात सकाळचा तो संशय कुठेच नव्हता. आईचा आवाज ऐकल्यापासून तो गेला होता.

सिरियस आहे, ये, एवढं म्हणून ते फोन ठेवू शकत होते. त्यांचे ओठ त्या शब्दासाठी हललेही. मग म्हणाले, “आदिनाथला गाडी कडंला घ्यायला लाव.”

“कावून?”

“घे म्हणतो ना, बाई.”

गाडी थांबल्याचं कळलं. शेजारून एक ट्रक गेल्याचा आवाज आला.

“रेणू, आई गेली. आत्ताच गेली.”

मला वाटलं, रेंज गेली. भुजंगरावांनी फोन कानाशी नेला, पण स्पीकर चालूच होता, त्यामुळे मलाही ऐकू आलं. ती ओरडली नाही. अगदी हळू, त्यांच्याच मऊ आवाजात बोलली.

“आबा, मी दवाखान्यात पोचेस्तोर तरी सिरियस म्हणायचं व्हतं.”

मग ती रडायला लागली. भुजंगराव ऐकत राहिले. फोनवर कुणाचं रडणं संपेपर्यंत ऐकायची त्यांना सवय नव्हती, ते नेहमी ‘निघा’ म्हणून ठेवून देत. आज त्यांनी ठेवला नाही. मीही ठेवा म्हणालो नाही.